नववीतल्या मुलाच्या लॅपटॉपवर ऑफिस कुठलं टाकू?

डिचोलीची आई:
नमस्कार. मुलगा नववीत आहे, व्होकेशनलला आयटी घेतलंय. माझ्या भाच्याला वेर्ण्याच्या कंपनीकडून नवा लॅपटॉप मिळाला, म्हणून त्याने आपला जुना ह्याला दिला. 8 जीबी रॅम, विंडोज 11, बाकी ठणठणीत. बॅटरी तेवढी गेल्यात जमा आहे, आणि वर्ड उघडलं की ट्रायल संपली म्हणून सांगतं.

म्हापशातला एक दुकानदार म्हणाला, "ऑफिस 2019 फुल टाकून देतो, लाइफटाइम." बिल मागितलं तर नुसता हसला. मी उठून आले.

मी काजूच्या कारखान्यात हिशेब बघते. दिवसभर टॅली आणि एक्सेल, त्यामुळे अगदीच अडाणी नाही. पण घरचं गणित वेगळं. मराठीचा प्रकल्प देवनागरीत टाइप करायचा असतो, सायन्सचं प्रेझेंटेशन असतं, आयटीची प्रॅक्टिकल्स असतात. शिक्षक व्हॉट्सअ‍ॅपवर वर्डच्या फायली पाठवतात. पावसात आमच्याकडे आधी वीज जाते, मागोमाग नेट. दरवर्षी पैसे भरत बसायची माझी तयारी नाही. एकदाच भरायचे असतील तर विचार करीन. काय टाकू?

पणजीकर 07:
गूगल डॉक्स. फुकट, आपोआप सेव्ह होतं, काही टाकायची भानगडच नाही. विषय संपला.

डिचोलीची आई:
पणजीत संपत असेल हो. आमच्याकडे जूनमध्ये सुरू होतो.

पणजीकर 07:
हाहा, मान्य. पण क्रोममध्ये ऑफलाइनची सोय चालू करून ठेवली तर नेट नसतानाही लिहिता येतं. नेट आलं की फाईल वर चढते. जागा 15 जीबी, फक्त त्यातच जीमेल आणि फोटोही मोजतात, ते लक्षात ठेवा.

फोंड्याचा मास्तर:
ताई, दुकानातून उठून आलात ते उत्तम केलंत. बिल नसलेलं "लाइफटाइम" म्हणजे अ‍ॅक्टिवेशनला चकवणारा एखादा प्रोग्रॅम. तो टाकण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, यातच काय ते आलं. शिवाय ऑफिस 2016 आणि 2019 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणजे अस्सल मिळालं तरी आज 2019 घेण्यात अर्थ नाही.

आता मुलाचं. आधी त्याचं आयटीचं पुस्तक उघडून बघा. सीबीएसईच्या 402 कोडच्या आयटी विषयात दस्तऐवज, स्प्रेडशीट, डेटाबेस हे सगळं लिब्रेऑफिस नावाच्या, वर्ड-एक्सेलसारख्याच पॅकेजवर शिकवतात. तुमच्या मुलाचं पुस्तक तसंच असेल, तर घरी वेगळं काही टाकून त्याला दोन ठिकाणी दोन मेनू शोधायला लावू नका. मी स्वतः शाळेत हा विषय शिकवतो. स्टाइल्स आणि मेल मर्ज घरी वर्डवर केलेली मुलं प्रॅक्टिकलला येऊन "सर, ते बटण कुठे गेलं?" विचारतात.

लिब्रेऑफिस पूर्ण फुकट आहे, नेटशिवाय चालतं, 8 जीबीत आरामात बसतं. नावात गफलत करू नका. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून फुटून हे निघालं. जुनं ओपनऑफिस अजून डाउनलोडला मिळतं, पण ते वर्डची डीओसीएक्स फाईल उघडतं आणि त्याच स्वरूपात परत सेव्ह करत नाही. शाळेसाठी बिनकामाचं.

टाकल्यावर तीन गोष्टी लगेच करा, नाहीतर आठवड्याभरात तुम्हीच ते काढून टाकाल.

पहिली: टूल्स > ऑप्शन्स > लोड/सेव्ह > जनरल. तिथे टेक्स्ट डॉक्युमेंट नेहमी वर्डच्या डीओसीएक्समध्ये सेव्ह कर असं ठरवता येतं. शिक्षकांना लिब्रेऑफिसची स्वतःची ओडीटी फाईल गेली की "उघडत नाही" म्हणून फोन येतो, तो टळेल. आयटीच्या प्रॅक्टिकलला मात्र ओडीटीच ठेवायची. त्याच पानावर ऑटोरिकव्हरी, म्हणजे अचानक बंद पडलं तर काम परत मिळावं म्हणून आपोआप होणारं सेव्ह, दर 10 मिनिटांना असते. तुमची बॅटरी तशी असल्याने ती 2 वर आणा. कंट्रोल-एसची सवय तरीही लावाच.

दुसरी, आणि सगळ्यांचं डोकं इथेच फिरतं: देवनागरी. टूल्स > ऑप्शन्स > लँग्वेजेस अँड लोकेल्स > जनरल इथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटला टिक करून भाषा मराठी निवडा. त्यानंतर नवी कोरी फाईल उघडून एफ 11 दाबा, डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलवर राइट क्लिक, एडिट, फाँट. तिथे इंग्रजीचा फाँट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा दिसेल. साइझसुद्धा दोघांचा वेगवेगळा. मुलं एकाचा 14 करतात, दुसरा 12 च राहतो, आणि "प्रकाशसंश्लेषण (Photosynthesis)" सारख्या ओळीत अर्धी ओळ मोठी, अर्धी लहान. मग कोणी स्पेस मारून, कोणी एंटर मारून पान जुळवत बसतो. एकदा स्टाइलमध्ये दोन्ही साइझ नीट लावले की हा ताप मिटतो. देवनागरीला निर्मला यूआय लावा, विंडोजमध्ये असतोच. किंवा मुक्त (Mukta) नावाचा फाँट, तो फुकट मिळतो आणि छापल्यावर दिसतोही छान.

तिसरी: शिक्षकांच्या फायलीत कॅलिब्री फाँट असतो, नव्या वर्डमध्ये अ‍ॅप्टॉस. कॅलिब्री नसला तर लिब्रेऑफिस त्याच मापाचा कार्लिटो लावतं, पान हलत नाही. अ‍ॅप्टॉस नसला तर ओळी खालीवर होतात. घाबरायचं नाही, मजकूर जातो कुठे? जमा करायची प्रत मात्र पीडीएफच द्यावी. फाईल > एक्स्पोर्ट अ‍ॅज > पीडीएफ. फाँट आतच जातो, शाळेत उघडली तरी पान जसंच्या तसं.

टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर नको. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो.

मडगाव डीटीपी:
सरांनी फाँटचं छान सांगितलं, त्यात आमच्या धंद्यातली एक भर. मराठी-कोंकणीच्या कित्येक प्रश्नपत्रिका आणि नोट्स अजून श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फाँटात टाइप होतात. ती अक्षरं खरी देवनागरी नसतात. आत इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरलेल्या असतात आणि वर मराठी मुखवटा. तो फाँट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथे फाईल उघडली की नुसता कचरा दिसतो. वर्ड असो, लिब्रेऑफिस असो, गूगल असो, दोष त्यांचा नाही. तेव्हा मुलाने सॉफ्टवेअर बदलत बसू नये. शिक्षकांकडे पीडीएफ मागावी. मजकूर बदलायचाच असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या खऱ्या देवनागरीत, फिरवणारे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार नंतर डोळ्यांनी तपासावे लागतात. आमचं अर्धं काम तेच.

कुडचड्याचा अभियंता:
मी उलट बाजूने बोलतो. लिब्रेऑफिस चांगलंच आहे, पण एक्सेल ते एक्सेल. बाहेरचा डेटा ओढून साफ करणारी पॉवर क्वेरी तिथे नाही, व्हीबीएचे मॅक्रो (एक्सेलमधली कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) धड चालतील याची खात्री नाही. उद्या नोकरीला लागला की सगळीकडे एक्सेलच आहे, हे ताईंना मी काय सांगणार.

पण पैसे भरण्याआधी दोन गोष्टी बघा. शाळेने मुलाला स्वतःच्या डोमेनचा ईमेल दिला असेल, तर मायक्रोसॉफ्टची शिक्षणासाठीची फुकट योजना लागू होते का ते विचारा. त्यात वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट ब्राउझरमध्ये मिळतात. आणि भाच्याला विचारा, लॅपटॉप नवा घेताना त्यात ऑफिस होम अँड स्टुडंट आलेलं का. आलं असेल तर ते त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला चिकटलेलं असतं. त्या खात्यात लॉग-इन करून बघायला काय जातंय?

फोंड्याचा मास्तर:
नोकरी अजून सात-आठ वर्षं लांब आहे हो. तोवर एक्सेलची वरची बटणांची पट्टीसुद्धा बदललेली असेल. सूत्रं, पिव्हट टेबल, चार्ट हे लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये शिकलेला पोर एक्सेलवर अडत नाही. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं याच तऱ्हेच्या मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतायत.

भाच्याला विचारायची सूचना मात्र अगदी बरोबर.

डिचोलीची आई:
सगळ्यांना देव बरें करूं. भाच्याला विचारलं. त्याच्या लॅपटॉपात ऑफिस आलंच नव्हतं, ट्रायलच होती. शाळेचा ईमेल नाही. पुस्तक उघडलं तर खरंच लिब्रेऑफिस, मुलगा म्हणतो "मी तुला सांगितलेलं." असेल.

लिब्रेऑफिस टाकलं. व्ह्यू > यूजर इंटरफेसमध्ये टॅब्ड केल्यावर मलाही एक्सेलसारखं वाटायला लागलं. कारखान्यातली एक शीट उघडून बघितली, व्हीलूकअप सगळे चालले. मॅक्रोवाली उघडून बघितली नाही, ती घरी आणायचं कामही नाही. वर्डमध्ये कसं दिसतं ते शेवटी एकदा बघायला मायक्रोसॉफ्टचं साधं फुकट खातं काढलं, ब्राउझरमधलं वर्ड तेवढ्याला पुरतं.

आता नवीनच. चवथीच्या माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळा-पानांवर, प्रेझेंटेशन करतोय. कवंडळ, माट्टी, आंब्याचा टाळा, प्रत्येकाचा मोबाईलवर काढलेला फोटो. फाईल 90 एमबी झाली, शिक्षकांना मेलवर जात नाही.

फोंड्याचा मास्तर:
जीमेलवर 25 एमबीपर्यंतच जोडता येतं. इम्प्रेसमध्ये (लिब्रेऑफिसचं प्रेझेंटेशनचं) टूल्स > मिनिमाइझ प्रेझेंटेशन घ्या. फोटोंचं रिझोल्यूशन 150 डीपीआय ठेवा, कापलेले भाग काढून टाका असं टिक करा, आणि नव्या नावाने सेव्ह करायला सांगा, म्हणजे मूळ फाईल शाबूत राहील. वर्गातल्या प्रोजेक्टरला एवढं पुष्कळ झालं. आणि त्याला सांगा, झाडांची नावं स्थानिकच ठेव, शास्त्रीय नाव खाली बारीक अक्षरात.