हेवी डिपॉझिट घेऊन कर्जाचं मुद्दल फेडावं का?

दहिसरकर: बोरिवलीतला वन बीएचके भाड्याने देतो. कर्ज ४० लाख बाकी, व्याज साडेआठ टक्के, अजून वीस वर्षं, हप्ता ३४,७००. भाडं २४ हजार. त्यातून मेंटेनन्स, नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) आणि दर अकरा महिन्यांनी एजंटला एक भाडं. पगारातून महिन्याला अठरा-एकोणीस हजार घालावे लागतात. आता एक कुटुंब हेवी डिपॉझिटवर, म्हणजे घर सोडताना परत द्यायची मोठी रक्कम आणि बदल्यात कमी भाडं, असं १० लाख डिपॉझिट आणि १४ हजार भाडं द्यायला तयार आहे. रक्कम सरळ मुद्दलात टाकावी असं माझं ठाम मत आहे. फ्लोटिंग (बदलता) व्याजदर आहे, त्यामुळे आधी फेडल्याचा दंडही नाही.

मुलुंडची ताई: दादा, नका करू. १० लाखांवर व्याज वाचेल वर्षाला ८५ हजार, भाडं सोडाल १ लाख २० हजार. आणि ते पैसे तुमचे नाहीत, परत द्यायचे आहेत. आम्ही असेच ८ लाख कर्जात भरले होते. भाडेकरूची नाशिकला बदली झाली, नवा कोणी एवढं डिपॉझिट द्यायला तयार नव्हता. त्यांचं सामान टेम्पोत भरलेलं, वहिनी पुढच्या सीटवर बाळाला घेऊन बसलेल्या, आणि चेक मिळाल्याशिवाय चावी देणार नाही म्हणून भाऊ दारात उभे. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी पाटल्या गहाण ठेवून पैसे उभे केले.

दहिसरकर: वाईट वाटलं ताई. पण गेल्या वर्षी घर अडीच महिने रिकामं होतं, ६० हजार तिथेच गेले. हेवीवाले तीन-तीन वर्षं हलत नाहीत. शिवाय भाडं कमी म्हणजे करही कमी.

गोरेगावचा हिशेबनीस: कराचं गणित चुकतंय. भाड्यातून आधी ३० टक्के वजावट, मग सगळं व्याज. तुमचं व्याजच वर्षाला सुमारे ३ लाख ४० हजार, म्हणजे भाड्यावर आजही कर लागत नाही. नव्या करप्रणालीत तर भाड्यापेक्षा जास्त पडणाऱ्या व्याजाचा हा तोटा पगारातून वजाही होत नाही. १० लाख घ्यायचेच असतील तर आधी कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या खात्यात न्या. पैसे तिथे ठेवले की व्याज तेवढंच वाचतं आणि भाडेकरू निघाला की काढताही येतात. दर किंचित जास्त असू शकतो, तो बँकेला विचारा. आणि करारात डिपॉझिटचा आकडा पूर्ण लिहा. मुद्रांक शुल्क वाचवायला आकडा कमी लिहून लोक इथे हमखास चुकतात. १० लाखांवर मुद्रांक शुल्क वर्षाला फक्त अडीचशे रुपये पडतं.

मुलुंडची ताई: ओव्हरड्राफ्ट असेल तर माझा अर्धा विरोध मागे. पण भाडं १४ नाही, १७ हजार मागा. सात हजार सोडले तरच वाचलेल्या व्याजाशी बरोबरी होते.

दहिसरकर: १७ सांगतो. ते रविवारी घर बघायला येतायत, त्याआधी बँकेत जाऊन येतो. पण सतराला ते नाही म्हणाले, तर मी सोळाला देईन. रिकामं घर पुन्हा परवडणार नाही मला.