परदेशातील घरमालक आजी-आजोबा : आपले अनुभव

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या आपल्यापैकी अनेकांना पहिला आसरा मिळाला तो एखाद्या वृद्ध जोडप्याच्या घरातल्या वरच्या खोलीत. त्या माणसांविषयी आपण घरच्यांशी फोनवर पुष्कळ बोललो, पण लिहून मात्र ठेवले नाही, म्हणून हा धागा. त्यांची नावे आणि पत्ते कृपया देऊ नयेत. सुरुवात मी करते, त्यापुढची प्रत्येक शहराची आठवण वेगवेगळ्या सदस्याची आहे.

श्टुटगार्ट. मी २०१६च्या सप्टेंबरात पोहोचले तेव्हा आजी ७९ वर्षांच्या होत्या आणि आजोबा ८३ वर्षांचे. जर्मनीत नव्या घरी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेत नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. ते आजोबांनी आधीच सही करून पाकिटात घालून ठेवले होते आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर कचेरीत आले.

त्या भागात सामाईक जिना आणि दारापुढचा फुटपाथ झाडण्याची पाळी दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाकडे जाते, तिला ‘केरवोखे’ म्हणतात. जर्मनमध्ये झाडणे म्हणजे ‘केरेन’, त्यामुळे केर काढत वाढलेल्या मला हा शब्द पहिल्याच दिवशी घरचा वाटला. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकत असे. माझ्या परीक्षेच्या आठवड्यात आजी ती पाटी गुपचूप उचलून आपल्या दाराला लावत आणि पहाटे मला जाग येई ती ओल्या जिन्यावर बादली सरकल्याच्या आवाजाने. गुडघे दुखत असताना हे करू नका, अशी मी कितीदा विनवणी केली, पण अभ्यास तुलाच करावा लागेल, जिना कोणीही पुसेल, असे म्हणून त्या मला वर पाठवत. थंडीत रोज दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून घरात वारा खेळवायचा, नाहीतर भिंतींना बुरशी धरते, ही त्यांची एकमेव सक्त ताकीद होती. माझ्या फोडणीच्या वासाबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढले नाही. सहा डिसेंबरच्या सकाळी, म्हणजे सेंट निकोलसच्या दिवशी, दाराबाहेर काढून ठेवलेल्या माझ्या बुटात अक्रोड, लहान संत्री आणि चॉकलेट होते. हा लहान मुलांचा सण आणि मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. जिन्यातच बसून मी आईला फोन लावला.

एडिनबर्ग. स्कॉटलंडमध्ये नववर्षाच्या मध्यरात्रीनंतर उंबरठा ओलांडणारा पहिला माणूस काळ्या केसांचा पुरुष असावा आणि त्याच्या हाती कोळसा असावा, म्हणजे वर्षभर घरातली ऊब टिकते, अशी जुनी समजूत आहे. आमच्या आजोबांचे केस पांढरे झालेले आणि मुलगा ऑस्ट्रेलियात. म्हणून ३१ डिसेंबर २०१२ला पावणेबारा वाजता आजींनी मला कोट-मफलर चढवून बाहेर उभे केले. एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोळशाचा खडा होता आणि दुसऱ्या हातात शॉर्टब्रेडचा डबा. बारा वाजून गेल्यावर मी दार ठोठावले, तेव्हा थोड्याच वेळापूर्वी मला बाहेर धाडणाऱ्या त्या दोघांनी वर्षभराने भेटत असल्यासारखे माझे स्वागत केले. आपल्याकडे नवी सून माप ओलांडून आत येते, तिला काय वाटत असेल याची मला त्या क्षणी थोडी कल्पना आली. तिथे होतो ती तिन्ही वर्षे हा मान माझ्याकडेच होता.

त्सुकुबा, जपान. आमच्या घरमालकीण आजी दर जूनमध्ये ऊमे नावाची आंबट फळे मिठात मुरवत, शिसोच्या तांबड्या पानांनी ती रंगवत आणि पावसाळा सरला की तीन दिवस बांबूच्या सुपांत उन्हात वाळवत. एकदा त्यांना दवाखान्यात जायचे होते, म्हणून त्यांनी सुपे माझ्यावर सोपवली. लहानपणी गच्चीवर कुरडया राखल्या असल्यामुळे मी मोठ्या विश्वासाने हो म्हटले आणि प्रयोगशाळेतून आलेल्या एका फोनमुळे निघून गेलो. दुपारी सर आली. संध्याकाळी परतलो तेव्हा आजी प्रत्येक फळ फडक्याने टिपून पुन्हा मांडत होत्या. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. उलट, तू भिजलास का, एवढेच त्यांनी विचारले. त्या वर्षीच्या बरणीतला मोठा वाटा त्यांनी मलाच दिला. ती गोष्ट मला आजही लागून राहिली आहे.

टोरोंटो. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी कितीही उशिरा परतले तरी आमच्या इटालियन आजी जिन्याच्या पायरीवर जाग्या बसलेल्या असत आणि त्या मायेचेच मला ओझे होऊ लागले. आठ महिन्यांनी खोली सोडताना मी ऑफिस दूर पडते असे कारण सांगितले. ते खरे नव्हते आणि बहुधा त्यांना ते कळले होते.

कोलोन. इथे विद्यार्थ्यांसाठी एक चांगली योजना आहे. खोलीच्या दर चौरस मीटरमागे महिन्याला एक तास घरमालकाला मदत करायची, मग भाडे नाही, फक्त वीज-पाण्याचा खर्च द्यायचा. माझी खोली १४ चौरस मीटरची आहे, म्हणून माझे चौदा तास. बाजारहाट, बागकाम, औषधे आणणे, सगळे आजोबा वहीत मिनिटांसकट नोंदवतात. मला जर्मन शिकवण्यात जाणारे त्यांचे तास मात्र त्या वहीत कुठेच नाहीत. आता त्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे सकाळचे वर्तमानपत्र मी वाचून दाखवतो आणि माझा उच्चार चुकला की ते डोळे मिटूनच तो शब्द पुन्हा म्हणायला लावतात.