ओवा भाजताना आठवलेलं सिफनोस (समुद्रकाठच्या पायवाटांचे अनुभव लिहा)

रानजाई

बहिणीच्या बाळाला पोट शेकायला ओव्याची पुरचुंडी हवी होती म्हणून सकाळी तव्यावर ओवा टाकला, आणि वास सुटल्याबरोबर मी स्वयंपाकघरातून थेट ग्रीसमधल्या सिफनोस बेटाच्या पायवाटेवर. तिथे रानात थाइमची झुडपं असतात, गुडघ्याच्याही खाली, वाळकी, काटेरी वाटणारी, आणि त्यांच्यावर पाय पडला की हुबेहूब हाच वास येतो. तेव्हा बाबा म्हणाले होते, "आगं हितं ओवा कुणी पेरला?"

२०१८ चा सप्टेंबर. आम्ही तेव्हा जर्मनीत होतो, आईबाबा तीन महिने आले होते. आई आणि नवरा बसने पुढे प्लाटिस यालोसला गेले, आईचे गुडघे दुखतात. मी आणि बाबा कास्त्रोहून निघालो. कास्त्रो म्हणजे कड्यावरचं जुनं तटबंदीचं गाव, खाली समुद्रात घुसलेल्या खडकावर सात हुतात्म्यांचं इवलंसं पांढरं चॅपल. तिथून किनाऱ्याच्या वरच्या अंगाने वाट फारोसला जाते आणि पुढे ख्रिसोपिगीच्या मठाला. एका बाजूला निळं पाणी, दुसऱ्या बाजूला सगळा डोंगर ताली, म्हणजे माती अडवणारे दगडी बांध, घातलेला. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, एकावर एक.

बाबा समुद्राकडे बघतच नव्हते. आम्ही माणदेशातले, दहिवडीकडचे. ७२ च्या दुष्काळात बाबा १६ वर्षांचे होते, आजीबरोबर नालाबंडिंगच्या कामावर जायचे, सुकडी मिळायची तिथे. नंतर आमच्या रानातल्या ताली त्यांनी स्वतःच्या हाताने घातल्या. त्यामुळे ते प्रत्येक तालीपाशी थांबायचे, हात लावून बघायचे, चुना नाही सिमेंट नाही, नुसती दगडावर दगडाची रचाई. एके ठिकाणी शेळ्यांनी पाडलेली असावी, हातभर ताल ढासळून दगड वाटेवर आले होते. बाबा खाली बसले आणि लावायला लागले. मी म्हटलं बाबा आपलं रान नाही हे, कुणीतरी ओरडेल. ते म्हणाले पहिला दगड पडला की लगेच लावायचा, न्हाईतर पावसात सगळी जाती.

तेवढ्यात खेचर घेऊन एक म्हातारबाबा आले. थांबले. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्यांनी खेचर झुडपाला बांधलं, बाबांच्या शेजारी बसले आणि बाबांनी लावलेला एक दगड काढून फिरवून लावला. बाबांनी तो लांबट दगड आडवा लावला होता, दिसायला छान दिसत होता, त्यांनी त्याची लांबी आत घातली, नुसतं तोंड बाहेर. बाबांनी मान डोलावली, "बराबर हाय, लांबी आत पायजे." मग दोघांनी मिळून फटीत चिपा ठोकल्या. ते ग्रीकमध्ये बोलत होते, बाबा माणदेशीत, मी दगड आणून देत होते. अर्धा तास तरी गेला असेल. जाताना त्यांनी पिशवीतून चार अंजिरं काढून दिली.

ख्रिसोपिगीला पोचेपर्यंत एक वाजून गेला होता. मठ ज्या खडकावर आहे तो किनाऱ्यापासून तुटलेला, मध्ये छोटा पूल. चाचे आले तेव्हा देवीने, म्हणजे मेरीने, खडक दुभंगला अशी गोष्ट सांगतात. बाबांनी बाहेर चपला काढल्या.

तुम्हीही लिहा, ग्रीसच पाहिजे असं नाही पण असेल तर जास्त आवडेल, आज दिवसभर डोक्यात तेच आहे.

लाखोळी

वाचून डोळे भरले ग. तुझे बाबा फार मोठे आहेत.

आमचं सँटोरिनी, फिरा ते इया, दहा किलोमीटर. सगळे करतात ते. कॅल्डेराच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या खड्ड्याच्या, कडेकडेनं, फिरोस्तेफानी, इमेरोविग्ली, मग वस्ती संपते आणि काळी-लाल माती आणि प्युमिसचे हलके दगड. साधारण ३६०० वर्षांपूर्वी तो ज्वालामुखी फुटला आणि मधलं बेट खाली बसलं, त्या खड्ड्यात समुद्र शिरला, त्या काठावरून आपण चालतो हे कळल्यावर पायात कसंसंच होतं. आम्ही जुलैत गेलो आणि हॉटेलचा नाश्ता करून साडेदहाला निघालो, दोघांत मिळून एक लिटर पाणी. आम्ही नागपूरचे, आम्हाला वाटलं ३२-३३ डिग्री म्हणजे काहीच नाही. पण नागपुरात आपण भर दुपारी चालत नाही हो, दार लावून कूलरसमोर बसतो, हा फरक लक्षातच आला नाही. आणि तिथे वारा सतत, मेल्तेमी म्हणतात, उन्हाळाभर उत्तरेकडून येतो, तो घाम अंगावर राहूच देत नाही त्यामुळे आपण सुकतोय हे समजत नाही. सावली शून्य. एका चढावर नवरा बोलायचा बंद झाला, मग एकदम खाली बसला, हात गार. पाणी संपलेलं. मागून दोन म्हाताऱ्या बायका आल्या, काठ्या घेऊन चालणाऱ्या, भाषा कुठली ते नाही कळलं, त्यांनी त्याचं डोकं ओलं केलं, बिस्किटं खारी होती ती खायला लावली आणि स्वतःची अख्खी बाटली आम्हाला देऊन टाकली. मी नको नको म्हणत होते. त्या बायकांचं नाव पण विचारलं नाही मी. आजही कुणाला पाणी देताना त्या आठवतात.

इयाला पोचलो पण सूर्यास्त पाहिला नाही, झोपलो.

बोटीवरचा

पिरेयसला, अथेन्सच्या बंदरात, जहाज दुरुस्तीला लागलं होतं तेव्हा एक दिवस सुट्टी मिळाली, आम्ही तिघं, एक दाभोळचा एक गोव्याचा आणि मी. अगिस्त्रीला गेलो. लहानसं बेट, १३-१४ चौरस किमी असेल, पिरेयसहून फास्ट बोटीने तासाच्या आत. पाइनची झाडं पार पाण्यापर्यंत. पाच महिने लोखंडावर चालल्यावर पायाखाली पाइनच्या सुया, मऊ, काय सांगू तुम्हाला. आणि डिंकाचा वास. स्कालाहून हालिकियादाच्या बीचला वाट जाते, शेवटची उतरण सरळ कड्यावरून, हाताने धरत उतरावं लागतं. खाली पाणी असं की बोट हवेत तरंगल्यासारखी दिसते.

दाभोळच्याचा पाय पाण्यात सी अर्चिनवर पडला, काळ्या काट्यांचा गोळा असतो तो. टाचेत पंधरा वीस काटे. वरती टपरीवाल्या आजींनी ऑलिव्ह तेल लावून ठेवायला सांगितलं आणि तासाभराने सुईने काढत बसल्या, चष्मा लावून, मांडीवर पाय घेऊन. दाभोळवाला तोंड फिरवून रडत होता, काटे दुखले म्हणून नाही, आईची आठवण आली म्हणून. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट होतं आमचं.

अनुके

वाचतेय. कुकर लावून येते मग लिहिते.

सड्यावरचा

@रानजाई ताई, त्या चुन्या-सिमेंटशिवायच्या रचाईला ग्रीकमध्ये झेरोलिथ्या म्हणतात, झेरो म्हणजे कोरडं, लिथोस दगड. २०१८ मध्येच, तुम्ही गेलात त्याच वर्षी, युनेस्कोने ही कला आठ देशांची मिळून वारसा यादीत घेतली, त्यात ग्रीस आहे. तुमच्या वडिलांना नक्की सांगा. आमच्या राजापूरकडे सड्यावर गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, असतात, तेच तंत्र, जांभ्याचे किंवा काळ्या दगडाचे. आता सगळीकडे कंपाऊंडच्या जाळ्या आल्या, गडगा घालणारा माणूस शोधावा लागतो. माझ्या चुलत्यांच्या हातचा गडगा चाळीस पावसाळे उभा आहे.

माणदेशी

दहिवडीची ताई!! आम्ही म्हसवडचे. ७२ चं नाव काढलं की आमची आजी अजून ताटात एक कण ठेवत नाही. मला ग्रीसचा काही अनुभव नाही पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही. नमस्कार सांगा बाबांना.

मीठभाकर

ओव्याच्या वासाचं कारण सांगते, फार्मसी केलंय म्हणून, ओवा आणि थाइम दोन्हीत थायमॉल असतं. बाबांचं नाक एकदम बरोबर. तिथला थाइमचा मध मिळाला तर आणा, त्याला पण तीच मागची चव लागते.

आणि शाकाहारी लोकांसाठी एक शब्द पाठ करा: निस्तीसिमो. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास खूप, बुधवार-शुक्रवार आणि ईस्टरच्या आधी तर कितीतरी आठवडे, त्यात मांस दूध अंडी काही नाही. बेकरीत जाऊन "निस्तीसिमो?" विचारलं की ते बरोबर त्यातलं दाखवतात. फक्त कालवं, ऑक्टोपस त्यांच्या उपवासाला चालतं, एवढं लक्षात ठेवा, आमच्या सासूबाईंच्या ताटात आलं होतं.

लाखोळी

@मीठभाकर अगं सँटोरिनीचा फावा खाल्लास का? पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. ती डाळ आपल्या लाखोळीच्या जातकुळीतलीच आहे. भंडाऱ्याची माझी आजी धानाच्या बांधीत लाखोळी पेरायची, म्हणून तर हे नाव घेतलंय. नवरा बरा झाल्यावर रात्री तेच खाल्लं आम्ही.

शेवंती

उन्हाबद्दल लाखोळीने लिहिलंय ते सगळ्यांनी परत वाचा. २०२४ च्या जूनमध्ये सिमी बेटावर मायकल मोझली, टीव्हीवर आरोग्याचे कार्यक्रम करणारे ब्रिटिश डॉक्टर, भर दुपारी बीचवरून एकटेच चालत निघाले, चाळिशीला टेकलेलं तापमान. चार दिवसांनी सापडले, पुढच्या बीचच्या अगदी जवळ. लोकांना आयुष्यभर तब्येतीचं सांगणारा माणूस. त्या महिन्यात ग्रीसच्या बेटांवर चालायला गेलेले आणखी काही जण असेच गेले. मी तेव्हा नाक्सोसला होते, आमच्या मालकीणबाईंनी दुपारी बूट घालताना पाहिलं की दारात उभ्या राहायच्या, जाऊ द्यायच्या नाहीत. सहाला निघा, अकराला परत या. माणशी तीन लिटर. टोपी. फोन चार्ज. आणि कुठे चाललोय ते कुणाला तरी सांगून जा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर जा, जुलै-ऑगस्ट पोहायला ठेवा.

अनुके

आले. भाजी पण टाकली.

माझा इद्राचा. गाड्या नाहीत त्या बेटावर, सामान खेचरांवर. बंदरावरून कामिनी, तिथून व्लिखोस, समुद्राच्या कडेने तासभराची सोपी वाट, लेकरं असली तरी जमते. माझा मुलगा सहा वर्षांचा होता, तो प्रत्येक खेचराला थांबून "दमलास का" विचारायचा. एकावर फ्रिज बांधलेला, खरंच सांगते, अख्खा फ्रिज, आणि चढाच्या पायऱ्या. ग्रीसमध्ये २०१८ ला नियम आलाय की शंभर किलोच्या वर किंवा जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर ओझं नको. मुलाने त्या दिवशी आपली सॅक शेवटपर्यंत स्वतः उचलली.

इद्रा नावात पाणी आहे पण बेटावर पाणी नाही, वर्षानुवर्षं बोटीने यायचं. घराघरात पावसाचं पाणी साठवायची टाकी. रानजाईच्या बाबांना ते बघायला आवडलं असतं.

बोटीवरचा

अनुके ताई, पाण्याची बोट आम्ही पाहिली आहे दुसऱ्या एका बेटाला, टँकरच पण समुद्रातला. माणदेशी माणसाला नवल नाही वाटायचं.

धेनुकाकट

विषय थोडा सोडतोय, माफ करा. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर लेख आहेत, "धेनुकाकटच्या यवनाने हा खांब दिला". यवन हा शब्द मुळात आयोनियाच्या ग्रीकांवरून आलेला. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडचं नाव लागलेला माणूस आपल्या सह्याद्रीत एक खांब उभा करून गेला आणि दहिवडीचा माणूस सिफनोसला दगड लावून आला. लोणावळ्याला जाल तेव्हा चैत्यात उजेड असताना जा आणि ते खांब हाताच्या अंतरावरून बघा.

सड्यावरचा

अंगावर काटा आला हे वाचून.

नवखा_भटक्या

सर्वांचे अनुभव छान. प्रश्न: बूट कुठले घ्यावेत? स्पोर्ट्स शूज चालतील का? आणि वाट सापडते का, गाइड लागतो का?

शेवंती

घोटा धरणारे, जाड तळव्याचे घ्या, दगड फार धारदार असतात. वाटांना नंबरच्या पाट्या असतात बऱ्याच बेटांवर, मधे मधे दगडांची छोटी उतरंड रचलेली दिसते, ती धरून चला. फाटक लागलं तर उघडून परत लावा, शेळ्यांसाठी असतं. हाफ पँट नको, झुडपं ओरबाडतात.

रानजाई

दुपारी बाळ झोपलं तेव्हा बाबांना फोन लावला, सगळ्यांचं वाचून दाखवलं. युनेस्कोचं ऐकून म्हणाले, "आता कळलं व्हय त्यास्नी." कार्ल्याचं दोनदा वाचायला लावलं. मग मी विचारलं समुद्र आठवतो का, तर म्हणाले समुद्र व्हता खरा. पण तो दगड आठवतो, तो फिरवून लावलेला. गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या तालीचा कोपरा गेला, तो बाबांनी लांबी आत घालून रचलाय म्हणे, ६९ व्या वर्षी, मला न सांगता. शेजारच्या पोराला पण दाखवलं कसं लावायचं ते. मी ओरडले थोडं, पाठीचं दुखणं आहे त्यांना.

@माणदेशी, नमस्कार सांगितला, म्हसवडचे कोण ते विचारतायत, व्यनि (खाजगी निरोप) करा.

मीठभाकर

ग रानजाई, सिफनोसला रेविथादा खाल्ला का? छोल्यांचा तो?

रानजाई

खाल्ला ना! रविवार होता. शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात हरभरे, कांदा, तेजपत्ता, ऑलिव्ह तेल घालून गावच्या भट्टीत ठेवतात, रात्रभर मंद, आणि रविवारी चर्चहून येताना भांडं घरी. ख्रिसोपिगीच्या खालच्या खानावळीत मिळाला, वर लिंबू पिळून. मसाला काही नाही. बाबांनी तीन वाट्या खाल्ल्या, पाव बुडवून, आईने पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली तर नको म्हणाले.

लाखोळी

घरच्या ओव्हनमध्ये होईल का? किती डिग्री?

मीठभाकर

१५० वर चार-पाच तास, झाकण कणकेने लिंपून. काबुली चणे आदल्या रात्री भिजव, पाणी बेताचं. मातीचं भांडं नसेल तर जाड बुडाचं.

लाखोळी

भिजत घातलेत.