नुसत्या टेराफ्लॉप्सवरून तुलना नको

पीएस५ या गेम कन्सोलचे १०.२८ टेराफ्लॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी गणितं होतात, तो आकडा), पीसीतल्या एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डाचे ८२हून जास्त, म्हणून पीसी आठपट भारी, असा हिशोब या चर्चेत कुणीतरी मांडलाय. मला तो पटत नाही. ४०९० वरचढ आहे, यात वादच नाही. पण २०२०च्या ३० मालिकेपासून एनव्हीडियाने प्रत्येक एसएममधली (चिपमधल्या गणिती गटातली) एफपी३२ युनिट्स, म्हणजे ३२-बिट दशांश गणितं करणारे भाग, दुप्पट केली. कागदावरचा आकडा त्यामुळे फुगला, फ्रेम्स काही त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. तुलना करायचीच तर एएमडीचं आरएक्स ६७०० कार्ड घ्या. तेही आरडीएनए २ (एएमडीची ग्राफिक्स चिपची रचना), पीएस५सारखीच ३६ कम्प्युट युनिट्स (गणित करणारे गट).

शेडरचा, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा मुद्दा तर कुणी काढलाच नाही! कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं, म्हणून शेडर आधीच कंपाइल होऊन (चिपच्या भाषेत बदलून) गेमसोबत येतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, म्हणून ते काम तुमच्याच मशीनवर होतं. गेमने ते सुरुवातीलाच उरकलं नाही, तर नव्या भागात शिरताना किंवा पहिला स्फोट होताना चित्र क्षणभर अडकतं, आणि ४०९०सारखं ४५० वॉटचं कार्डही त्यातून सुटत नाही.

रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे प्रकाशाचे किरण कुठे जातात ते मोजून चित्र काढण्यात, मात्र कन्सोल खरोखर मागे आहे. पीएस५मध्ये किरण कुठे आदळला हे तपासायला हार्डवेअर आहे, पण बीव्हीएचच्या (दृश्यातल्या वस्तू एकात एक डब्यांत मांडणाऱ्या झाडासारख्या यादीच्या) फांद्यांमधून वाट काढायचं काम शेडरवरच पडतं. एनव्हीडियाचे आरटी कोअर (रे ट्रेसिंगसाठीचे खास भाग) तेही स्वतः करतात. पाथ ट्रेसिंग, म्हणजे जवळजवळ सगळा प्रकाश असाच किरणांनी मोजणं, हवं असेल तर सध्या पीसीच घ्या.