एमआरएनए लस आयएलआरमध्ये टिकेल का?

पंचगंगाकाठ: गगनबावडा, शाहूवाडीच्या आरोग्य केंद्रांत आयएलआर, म्हणजे लसी ठेवायचा बर्फाचं अस्तर असलेला फ्रीज, २ ते ८ अंशांचा. फ्लू आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) यांच्या एमआरएनए लसी, म्हणजे शरीराला प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या आरएनएच्या लसी, उद्या आल्याच तर उणे ७० कुठून आणायचं? आणि नेमकं बिघडतं काय, आरएनए की त्याभोवतीचं लिपिडचं (स्निग्ध पदार्थाचं) वेष्टण?

राजारामपुरी_लॅब: दोन्ही, पण आधी आरएनए. त्याच्या साखरेवरचा ओएच गट शेजारचाच फॉस्फेट दुवा तोडतो, त्याला पाणी पुरतं. फायझरच्या कोविड लसीतल्या आरएनएत अशा दुव्यांनी जोडलेली ४,२८४ अक्षरं. एक दुवा तुटला तरी पूर्ण प्रथिन बनत नाही. शिवाय लिपिड ऑक्सिडाइज झालं की अल्डिहाइड सुटतात आणि आरएनएला चिकटतात. जेलवर (लांबी तपासायच्या चाचणीत) आरएनएची लांबी बरोबर दिसते, लस मात्र निकामी! म्हणून लिपिडची शुद्धता आधी तपासायची.
उणे ७० लागतं ते लांबच्या साठवणीला. वितळल्यावर २-८ अंशांत फायझरची कोविड लस १० आठवडे टिकते, मॉडर्नाची सुरुवातीची कोविड लस ३० दिवस टिकायची. परत गोठवायची नाही, व्हायल (लसीची कुपी) हिसडायची नाही. वितळवल्याची तारीख खोक्यावर लिहा, छापील एक्स्पायरीवर जाऊ नका.

शेंडापार्क: खरा उपाय लस गोठवून सुकवलेली भुकटी. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या जेमकोव्हॅक-ओएम या भुकटीतल्या कोविड लसीला जून २०२३ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. ती २-८ अंशांत राहते, सुईशिवाय त्वचेत देतात. स्वतःच्या प्रती काढणारा आरएनए असल्यानं १० मायक्रोग्रॅमच पुरतो. पण तो लांबलचक, म्हणून तुटायची भीतीही जास्त.
सुकवताना बर्फ लिपिडच्या कणांना एकत्र ढकलतो, म्हणून सुक्रोज (साखर) घालतात. पहिल्या टप्प्यात माल उणे ३२ च्या वर गेला की साचा ढासळतो. सोडियम फॉस्फेटचं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) वापरलं तर गोठताना पीएच घसरतो, ट्रिस नावाचं बफर बरं. पाणी घातल्यावर कणांचा आकार आणि आत किती आरएनए उरला, दोन्ही मोजल्याशिवाय बॅच सोडू नये.

कसबा_बावडा: थंडीवर एवढा भर का, तेच कळत नाही. मॉडर्नाच्या आरएसव्ही लसीची परिणामकारकता पहिल्या सुमारे पावणेचार महिन्यांत ८३.७ टक्के होती, पुढे घटली. दंडात टोचल्यावर अँटिबॉडी रक्तात भरपूर, नाकात थोड्या. आजार सौम्य होतो, संसर्ग होतच राहतो. लहान बाळांवरची चाचणी तर २०२४ मध्ये थांबवावी लागली, कारण लस दिलेल्यांत गंभीर आजार जास्त दिसला. आरएसव्हीसाठी प्रथिनांच्या लसी आहेतच, त्याही २-८ च्या. एमआरएनएचा उपयोग फ्लूला: विषाणू बदलला की नवा क्रम झटपट बसवता येतो, अंड्यांत वाढवत महिने घालवावे लागत नाहीत.

राजारामपुरी_लॅब: फ्लूचं पटलं. आयएलआरचं एक राहिलं: तळ सगळ्यात थंड असतो, वितळलेली व्हायल टोपलीतच ठेवा. आणि लाइट गेली की झाकण उघडू नका.