प्रेसवर फाइल उघडली की फोटो गायब: सगळे एम्बेड करावेत का?

मुळाक्षर
दिवाळी अंकाची 144 पानं इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) लावली आहेत. फोटो 90 च्या आसपास, त्यातले काही थेट पेन ड्राइव्हवरून प्लेस केलेले, म्हणजे पानावर आणलेले. प्रेसच्या मशीनवर फाइल उघडली की लिंक्स पॅनेलमध्ये लाल प्रश्नचिन्हं येतात आणि फोटो धुरकट दिसतात. सगळे एम्बेड केले, म्हणजे फाइलच्या पोटातच घेतले, तर प्रश्न मिटेल का?

सोळापानी फर्मा
एम्बेड नको. लिंक केलेल्या फोटोची फक्त हलकी झलक आणि मूळ फाइलचा पत्ता इनडिझाइनच्या फाइलमध्ये असतो. पेन ड्राइव्ह काढला, फोल्डरचं नाव बदललं की पत्ता चुकला.

आधी अंकाचं एकच फोल्डर करून सगळे फोटो त्यात आणा. मग लिंक्स पॅनेलच्या मेन्यूतून 'रीलिंक टू फोल्डर' द्या, म्हणजे फोटोंचे पत्ते त्या फोल्डरशी नव्यानं जोडले जातील. हे नावावरून जुळवतं, त्यामुळे दोन लेखांत 'आयएमजी_0012' नावाचे वेगवेगळे फोटो असतील तर दोन्हीकडे एकच फोटो बसेल. त्यांची नावं आधी बदला आणि तेवढे फोटो हातानं रीलिंक करा. शेवटी फाइल मेन्यूतून 'पॅकेज'. त्यात फोटो 'लिंक्स' फोल्डरमध्ये आणि फाँट वेगळ्या फोल्डरमध्ये जमा होतात. अडोबी फाँट्सवरून चालू केलेले फाँट मात्र पॅकेजमध्ये येत नाहीत.

चार रंग
एम्बेडचा तोटा आकड्यात सांगतो. ए4 आकाराचा 300 पीपीआयचा (इंचामागे 300 पिक्सेल) सीएमवायके (छपाईच्या चार रंगांतला) फोटो म्हणजे 2480 × 3508 पिक्सेल, प्रत्येक रंगाचा एक असे चार चॅनेल: कॉम्प्रेशनशिवाय जवळपास 35 एमबी. असे वीस-पंचवीस पोटात घेतलेली फाइल सेव्ह करताना रडवते. शिवाय नंतर फोटोशॉपमध्ये रंग सुधारलात तरी पानावर जुनाच फोटो राहतो. लिंक असेल तर पिवळा त्रिकोण येतो आणि अपडेट केलं की काम झालं. एम्बेड झालेले फोटो पॅनेलमधून 'अनएम्बेड' करून बाहेर काढता येतात.

फोटोशॉपमधून कॉपी-पेस्ट तर अजिबात नको. तो फोटो लिंक्स पॅनेलमध्ये दिसतच नाही, मग तपासणार कसा? कंट्रोल-डी नेच प्लेस करा.

मुळाक्षर
रीलिंक झालं, आभार. व्हॉट्सॲपवर आलेले काही फोटो पॅनेलमध्ये 72 पीपीआय दाखवतात. चालतील?

चार रंग
'ॲक्च्युअल' (मूळ फाइलचा) नको, 'इफेक्टिव्ह पीपीआय' (पानावरच्या आकारातला) बघा. 300 चा फोटो 200 टक्के मोठा केला की 150 होतो. लांब बाजू 1600 पिक्सेल असेल तर 300 ला साडेतेरा सेंटिमीटरच छापता येईल. लेखकांकडून मूळ फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

सोळापानी फर्मा
आणखी एक. छपाईसाठी प्रेसला इनडिझाइनची उघडी फाइल देऊच नका, पीडीएफ/एक्स-4 (छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार) द्या. त्यात फोटो आतच असतात. तुटलेल्या लिंकची सूचना दुर्लक्षून एक्सपोर्ट केलं तर मात्र पीडीएफमध्ये ती धुरकट झलकच जाते. पॅकेज सोबत ठेवा, ऐनवेळच्या दुरुस्तीसाठी. जाहिराती इलस्ट्रेटरमध्ये केल्या असतील तर त्यांच्या आतले लिंक केलेले फोटो इनडिझाइनच्या पॅकेजमध्ये येत नाहीत. त्या फाइली इलस्ट्रेटरमधूनच वेगळ्या पॅकेज करा.