जर्मिन स्ट्रीटचा शर्ट: पैसे शिलाईचे की गल्लीचे?

टेम्सकाठी

लंडनला येऊन नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली सात वर्षं मी सेलचेच शर्ट घातले. जर्मिन स्ट्रीट म्हणजे पिकॅडिलीच्या मागची समांतर गल्ली. शर्टवाल्यांची जुनी दुकानं एका ओळीत उभी आहेत आणि त्यांच्यामध्येच साखळी दुकानंही आहेत. तिथे बारा महिने 'तीन घ्या, चार घ्या' चालूच असतं. माझे सगळे शर्ट अशाच एका दुकानातले. वर्षभरात कॉलरवर पापडासारखे फुगे यायचे, मग शर्ट घरात घालायला.

दोन वर्षांपूर्वी धीर करून टर्नबुल अँड ॲसरचा एक तयार शर्ट घेतला. हे दुकान १८८५ चं, राजे चार्ल्स यांचे शर्टवाले म्हणून प्रसिद्ध, आणि शिवण आजही इंग्लंडमध्येच, ग्लॉस्टरला. जवळपास तीनशे पौंड गेले (घरी आकडा थोडा कमी सांगितला आहे). आठवड्यातून एकदा घालतो, अजून कॉलर कुठे हललेली नाही. माझं मत असं, की सगळ्यात महागात पडतो तो मधल्या किमतीचा शर्ट. एकतर अगदी स्वस्त घ्या, नाहीतर सरळ वरचा. तुम्हाला काय वाटतं?

हिशोबी माणूस

असहमत. तीनशे पौंड म्हणजे तीस हजारांच्या वर. तेवढ्यात माझा दादरचा शिंपी चांगल्या गिझा (इजिप्तच्या लांब धाग्याच्या कापसाच्या) कापडाचे सात-आठ शर्ट मापाने शिवून देतो, शिलाईसकट.

आणि 'ब्रिटिश' म्हणजे नक्की काय हो? थॉमस मेसन हे शर्टिंगमधलं मोठं इंग्रजी नाव, १७९६ पासूनचं, लँकेशायरचं. आज मालक कोण, तर इटलीतले आल्बिनी. थॉमस पिंक वाचलं की अठराव्या शतकातलं दुकान डोळ्यांपुढे येतं, पण ते काढलं तीन आयरिश भावांनी १९८४ साली, आणि १९९९ मध्ये ते फ्रेंच कंपनीकडे गेलं. चार्ल्स टिरविट १९८६ चं, सुरुवात टपालाने शर्ट विकण्यापासून. जुनेपणाचा वास मारलेली नवी दुकानं आहेत ही. उंची शर्टिंग तर आपल्या कागलच्या एमआयडीसीतही विणलं जातं. तुम्ही गल्लीचं भाडं भरता आहात.

काजेवाली

माझे वडील ठाण्यात शिंपी होते, मी स्वतः दहा वर्षं काजं केली आहेत. दोघांचंही थोडं चुकतंय.

आधी ते फुगे. कॉलरच्या आत जे अस्तर असतं ते दोन तऱ्हेने बसवतात. एक, गोंद लावलेलं, उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेलं. याला फ्यूजिंग म्हणतात. दुसरं, नुसतं मध्ये ठेवून कडेने शिवलेलं. चिकटवलेल्यात कापड आणि अस्तर धुतल्यावर सारखं आटलं नाही, किंवा गोंद कमी दर्जाचा असला, की सुटतं आणि फुगे येतात. लंडनचे जुने शर्टवाले दुसऱ्या तऱ्हेचे. फुगे येणारच नाहीत, कारण सुटायला काही चिकटलेलंच नाही. पण ती कॉलर इस्त्रीला छळते. टोकाकडून मध्याकडे हलक्या हाताने न्यावी लागते, नाहीतर कडेला चुणी. आमच्या नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याला द्या, एका दणक्यात मोडेल! आणि फ्यूजिंग म्हणजे पाप नव्हे. चांगलं फ्यूजिंग वर्षानुवर्षं टिकतं.

म्हणून दुकानाचं नाव बघू नका, शर्ट उलटा करून बघा. एका इंचात टाके किती? अठरा-वीस असतील तर कोणीतरी सावकाश शिवलंय. बाजूची शिवण एका सुईची, बारीक आणि सपाट आहे का? दोन सुयांची झटपट होते, पण धुतल्यावर चुणते. पाठीवरचा खांद्याचा तुकडा मधोमध जोडलेला असेल तर त्यावरच्या रेघा खांद्याच्या उताराने तिरक्या बसवता येतात. पट्ट्यांचं कापड असेल तर खांद्याची पट्टी बाहीच्या पट्टीला भिडते का ते बघा. मुंढ्याशी ती जुळवायची म्हणजे कापड वाया जातं आणि कापणाऱ्याचा वेळही. सेलच्या शर्टात हे कोण करणार? बटण शिंपल्याचं असलं तर गालाला लावून बघा, गार लागतं.

दादरचा शिंपी यातलं सगळं करू शकतो. सांगितलं आणि पैसे दिले तर. आपण शिलाईत घासाघीस करतो आणि मग टाके मोजतो.

नॉनआयर्न नाना

एवढं सगळं कशाला? नॉन-आयर्न घ्या, धुवा, टांगा, घाला. मी मिल्टन कीन्सला एकटा राहतो, रविवारी पाच शर्ट इस्त्री करत बसू का?

काजेवाली

नाना, जरूर घ्या. फक्त ते कापड रसायनाच्या राळेत बुडवून भाजलेलं असतं. सुताच्या तंतूंच्या आतले रेणू एकमेकांना जखडतात म्हणून चुणी पडत नाही, पण त्यामुळेच ते कमकुवत होतं, घडीवर लवकर विरतं. घामही कमी शोषतं. सोयीची किंमत आहे ती, फुकट नाही.

टेम्सकाठी

काजेवालीताई, मान गये. फुग्यांवरून मी सरसकट बोललो, चूक कबूल.

पण हिशोबीराव, तुलनाच चुकतेय. मी राहतो लंडनला. इथल्या शिंप्याला इथल्या घरभाड्याएवढं कमवावं लागतं. दादरचं म्हणाल तर सुट्टी तीन आठवड्यांची, त्यात एक लग्न आणि एक बारसं. माप दिलं की ट्रायलला वेळ नाही, शर्ट मागून कुरिअरने येतात आणि बाही आखूड. इथे तयार शर्टातही कॉलर आणि बाही वेगवेगळी निवडता येते. कॉलर साडेपंधरा इंच, बाही तेहतीस, चौतीस, पस्तीस. आपल्याकडच्या तयार शर्टात चाळीस म्हटलं की बाही जी येईल ती.

आणि मुख्य मुद्दा राहिलाच. जुने शर्टवाले कॉलर आणि कफ झिजले की नवे लावून देतात. शर्ट मरतो तो कॉलरपासून. अंग तसंच धडधाकट असतं.

हिशोबी माणूस

कॉलर बदलायचं कौतुक आम्हाला सांगू नका. आमचे आजोबा कॉलर विरली की उलटवून घ्यायचे, आणि शिंपी त्याचे चार आणे घ्यायचा. राजाचा शर्टवाला लागत नव्हता त्याला.

सूटबद्दल तर बोलायलाच नको. लंडनच्या सॅव्हिल रो या सूटवाल्यांच्या गल्लीतले शिंपी म्हणतात, 'बीस्पोक' (खास गिऱ्हाइकासाठी शिवलेलं) म्हणजे निदान पन्नास तास हाताचं काम. २००८ साली ब्रिटनच्याच जाहिरात नियामकाने ठरवलं, की मापाने बेतून यंत्रावर शिवलेल्यालाही तो शब्द वापरता येईल. म्हणजे शब्दावरही भरवसा ठेवायची सोय नाही.

काजेवाली

म्हणून तर म्हटलं, उलटा करून बघा. आणि उलटवलेली कॉलर एकदाच चालते हो, दुसरी बाजूही विरली की संपलं. वडील नवीन शर्ट शिवताना थोडं कापड शेपटाला जास्त सोडायचे. पुढे त्यातूनच कॉलर काढायची. आता गिऱ्हाईक विचारतं, शर्ट एवढा लांब का?

हिशोबी माणूस

हे मात्र माहीत नव्हतं. दादरवाल्याला उद्याच सांगतो.

टेम्सकाठी, तुमच्या त्या राजाच्या दुकानात खराखुरा सेल लागतो का कधी? सहज विचारतोय. कॉलर सोळा, बाही तेहतीस.